मारोतीभाऊ, तो रंग सोनेरी नव्हता

भाऊ, तुमच्या तेरवीच्या दुसऱ्या दिवशी मी दुकानाचं शटर गुडघ्याइतकं वर केलं आणि तसंच सोडून दिलं. आत जायची हिंमत होईना. चाळिशी ओलांडलेला माणूस, चंद्रपूरच्या मूल रोडवर सकाळचे ट्रक धूळ उडवत चाललेले, आणि मी आपल्याच दुकानाला भिऊन बाहेर उभा. समोरच्या चहावाल्यानं विचारलं, "काऊन गा बंडू, चावी विसरला का?" मी हो म्हणालो. शटर अर्धं उघडं होतं आणि चावी माझ्या हातात होती, तरी हो म्हणालो.

भुताची भीती नव्हती. तुम्ही भूत होऊन आला असता तर मी पाय धरले असते. भीती होती ती शालिकच्या गाडीची. ती गाडी जंगलात कुठेतरी फिरतेय, तिच्यात लेकरं बसतात, आणि तिच्या पोटाखाली काय चाललंय हे जगात फक्त मला माहीत आहे, असं मला वाटत होतं. तुम्हाला मी खोटं सांगितलं होतं. ते खरं करून सांगायच्या आत तुम्ही दुपारचा चहा पिता पिता छातीवर हात ठेवून बाकड्यावर कलंडलात.

सतरा वर्षं मी तुमच्या हाताखाली काढली. गाडीचा सडलेला सायलेन्सर काढायचा, त्या जागी स्टेनलेस स्टीलचा पाईप वाकवून, वेल्डिंग मारून बसवायचा, हे आपलं काम. स्टेनलेस सहसा सडत नाही, पण तापलं की रंग धरतं. आधी फिकट पिवळा, मग सोनेरी, मग तपकिरी, जांभळा, आणि फारच तापलं की निळा. हे सगळं तुम्हीच शिकवलंत, तुम्हाला मी काय सांगणार. तरी सांगतोय, कारण हे मला अजून पाठ आहे का ते तपासून पाहतोय. इंजिनजवळ रंग येणारच. मागे मागे तो फिका होत जायला हवा. धूर साफ करणारा जो डबा मध्ये असतो त्याच्याही मागे निळा दिसला, तर समजायचं की पेट्रोल इंजिनात न जळता त्या डब्यात जाऊन जळतंय.

म्हणून तुमचा तो नियम. नवा पाईप बसवला की गिऱ्हाइकाला बजावायचं, "आठ दिवसानं दाखवून जाजो." आठ दिवसांनी गाडी आली की तुम्ही गाडीखालच्या खड्ड्यात उतरायचात, चष्मा कपाळावर ढकलून पाईप वाचायचात. हो, वाचायचात. एकेका रंगाच्या शेवटी खडूनं रेघ मारायचात. कुणाला म्हणायचात, "प्लग पाहून घे," कुणाला म्हणायचात, "मस्त आहे, जा लेका." आणि मी वर उभा राहून घड्याळ बघायचो.

माझा जीव चमकण्यात. बफिंगचं, म्हणजे घासून चमकवायचं, चाक हातात घेतलं की मला भान राहत नाही, आरशासारखा पाईप निघाला की बायकोला फोटो पाठवतो. तुम्ही मला म्हणायचात, "तू मेकॅनिक नाई बे, तू नवरदेवाले पावडर लावणारा आहेस." गिऱ्हाइकं हसायची आणि मीही हसायचो, पण घरी गेल्यावर ते लागायचं. आपलं भांडण खरं तर यावरच होतं. मी म्हणायचो, लोक रंग वाचायला येत नाहीत, चमक बघायला येतात. निळा डाग त्यांना घाण वाटतो, पुसून द्या की. तुम्ही म्हणायचात, "डाग पुसाचा, बंडू. बातमी नाई पुसाची." मी म्हणायचो, पुसल्यावर पुन्हा येतेच ना बातमी, चार दिवसांनी वाचा. तुम्ही म्हणायचात, "चार दिवसात का होईल ते तुले ठाऊक आहे का?" आणि चहा यायचा, आणि भांडण तसंच राहायचं. सतरा वर्षं ते तसंच राहिलं.

पहिल्याच महिन्यातली ती गोष्ट आठवते. नव्या पाईपला तेलकट हातानं धरून मी गाडीखाली बसवला आणि पुसायचा विसरलो. गाडी सुरू झाली, पाईप तापला आणि माझ्या पाच बोटांचे ठसे त्यावर भाजून बसले. गाडी एका डॉक्टरची. माझी पाचावर धारण बसली, आता हाकलणार. तुम्ही डॉक्टरांना वाकवून तो ठसा दाखवलात आणि म्हणालात, "साहेब, हा आमच्या नव्या कारागिराचा अंगठा. उद्या गाडी बिघडली तर यालेच पकडा." डॉक्टर हसत गेले. त्यानंतर तुम्ही मला थिनरचा फडका दिलात, पाईप कसा पुसायचा ते दाखवलंत. मी तेव्हाच ठरवलं होतं की हा माणूस सांगेल तिथे मरायचं. मरायचं सोडा, भाऊ, साधं खरं बोलायची वेळ आली तेव्हा तेवढंही जमलं नाही.

त्या दिवशी तुम्ही बहिणीला पाहायला गडचिरोलीला गेला होता. शालिक आला. धानोऱ्याच्या बाजूचा, जंगलातल्या गावचा, सात सीटची पेट्रोल गाडी चालवतो तो. बाजारच्या दिवशी सवारी, नाहीतर घरचीच माणसं. तुम्ही बसवून दिलेल्या पाईपला बरोबर आठ दिवस झाले होते. नियमाप्रमाणे दाखवायला आला होता बिचारा. दुसऱ्या दिवशी त्याच्या साळ्याचं लग्न, नवरदेव याच गाडीत बसणार. म्हणाला, "भाऊ, पाईप जरा चमकवून द्या ना. वरातीत लोक पाह्यतात."

मी खड्ड्यात उतरलो. डब्याच्या मागे हातभर निळा होता. गडद. मी तो पाहिला, भाऊ. डोळ्यांनी पाहिला. इंजिन सुरू करून ऐकलं तर मध्येच एखादा ठोका चुकत होता. शालिकनं वरून वाकून विचारलं, "हे निळं कायचं होय?" मी म्हणालो, "स्टेनलेसले येतेच."

का म्हणालो? प्लग काढायचे, बघायचे, कदाचित गाडी ठेवून घ्यावी लागली असती, आणि उद्या लग्न. त्याचा चेहरा पडला असता. आणि खरं सांगू, बफ हातात होता. साबणाच्या पाण्यानं पाईप धुतला, रेजमालचा बारीक कागद घासला, मग चाक फिरवलं. दीड तासात पुढून मागून एकसारखी चांदी. एक मागचं टोक चमकवलं असतं तरी भागलं असतं, लोकांना तेवढंच दिसतं. पण मी तो निळा मुळापासून घालवला. तो तिथे राहिला असता तर मला वर तोंड करून बोलता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तुम्ही बसनं आलात. पिशवी ठेवली, हात धुतले आणि पहिला प्रश्न, "शालिक येऊन गेला का? रंग कसा होता?"

"सोनेरी," मी म्हणालो.

"डब्याच्या मांगं?"

"मागं काहीच नाही. साफ."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. पाहिलंत आणि टॉवेलनं हात पुसलेत. पुढे पाच दिवस आपण रोज सोबत चहा प्यायलो. तुम्ही एकदाही शालिकचं नाव काढलं नाहीत. मला वाटलं, सुटलो. मधूनच तुम्ही काम थांबवून बसायचात आणि माझ्याकडे बघत राहायचात, तेव्हा मी मुद्दाम ग्राइंडर सुरू करायचो. त्या आवाजात कोणी काही विचारू शकत नाही. खाई त्याला खवखवे म्हणतात ना, तसं माझं झालं होतं. पाचव्या दिवशी तुम्ही गेलात.

तुम्हाला खांदा दिला तेव्हासुद्धा मी गाडीचा विचार करत होतो. लोक म्हणत होते, बंडू फार खचला. मी खचलो नव्हतो, घाबरलो होतो. मोहफुलांचे दिवस. जंगलात सागाची, मोहाची पानं घोट्याएवढी साचलेली. माणसं पहाटेच फुलं वेचायला निघतात, शालिक आपली माय, बायको, लेकरं, शेजारीपाजारी गाडीत भरून झाडापर्यंत नेतो, हे त्यानंच मला सांगितलं होतं. गाडी झाडाखाली उभी. खाली वाळलेलं पान, वर तापून लाल झालेला डबा. लेकरू मागच्या सीटवर झोपलेलं असलं तर? हे 'तर' मला जेवू देईना. शालिकला फोन लावला तर लागेना. रोज लावायचो. लागत नाही म्हटल्यावर आतून बरं वाटायचं, हेही तुमच्यापासून लपवत नाही. लागला असता तर बोलावं लागलं असतं.

जाता आलं असतं. मोटरसायकल आहे, पाय धड आहेत. पण रोज नवं कारण. आज तिसरा दिवस, आज दहावा, आज पाहुणे, आज तेरवीचं सामान. तुमच्या तेरवीला वहिनी मला म्हणाल्या, "बंडू, त्याइले तुयीच काळजी होती शेवटी शेवटी. सारखं म्हणे, बंडू बोलत नाई माह्यासंग." मी पत्रावळी उचलायच्या निमित्तानं तिथून उठलो.

आणि मग ते अर्धं उघडलेलं शटर. आत तुमचा खडू दिसत होता, खड्ड्याच्या काठावर. मी सरपटत आत गेलो, नवे प्लग आणि पाना पिशवीत टाकला, शटर ओढलं आणि मोटरसायकल गडचिरोलीच्या रस्त्याला लावली.

तो रस्ता मी शंभरदा केलाय, पण कालच्यासारखा कधी नाही. सावली गावाच्या पुढे जंगल लागलं आणि कडेची जमीन काळी दिसायला लागली. पान जाळलेलं. दरवर्षी जाळतात, फूल नीट वेचता यावं म्हणून, हे मला माहीत आहे. तरी प्रत्येक काळ्या पट्ट्याशी मी गाडी हळू करायचो आणि लोखंड दिसतंय का ते बघायचो. जळक्या गाडीचा सांगाडा. गडचिरोली मागे पडली, धानोऱ्याच्या बाजूला वळलो, तर पुढे झाडांच्या वर धूर. सरळ, पांढरा. त्या दिशेलाच गाव. मोटरसायकल थांबवली आणि रस्त्याच्या कडेला बसलो. तुम्ही देवाला फार मानायचा नाहीत, मीही नाही, पण तिथे बसून मी कोणाकोणाचं नाव घेतलं ते मलाच ठाऊक. परत फिरावं असंही मनात आलं. परत फिरलो असतो तर कुणाला कळलं असतं? एका बाईनं डोक्यावर टोपली घेऊन जाता जाता विचारलं, "का झालं भाऊ, पेट्रोल सरलं का?" मी विचारलं, तो धूर कायचा? ती म्हणाली, "पान जाळून राह्यले." आणि गेली.

शालिकच्या घराचं कुंपण बांबूचं. आत अंगणभर मोहाची फुलं वाळत घातलेली, वास डोक्यात जाणारा. आणि अंगणाच्या मधोमध ती गाडी. चारही चाकांखाली सारवलेली, झाडून साफ केलेली जमीन, आजूबाजूला दहा हातांत एक पान नाही. टपावर धूळ बसलेली. काचेवर लेकरांनी बोटांनी चित्रं काढलेली. गाडी कित्येक दिवसांत हलली नव्हती.

शालिक खाटेवर बसून दोर वळत होता. मला पाहून उठला, माझ्या मागे पाहिलं. "मोठे भाऊ नाई आले?"

त्याला माहीतच नव्हतं. कोण सांगणार? मी सांगितलं. तो पुन्हा खाटेवर बसला. त्याची म्हातारी माय आतून आली, त्यानं तिला गोंडीत काहीतरी सांगितलं, तिनं तोंडाला पदर लावला. मग आत वळून "येर" म्हणाली. येर म्हणजे पाणी, एवढी गोंडी मला येते. मी पाणी प्यायलो नाही. आधी बोलून टाकायचं होतं, नाहीतर पुन्हा राहिलं असतं. उभ्या उभ्या सगळं ओकलो. निळा होता, मी पाहिला होता, तुला खोटं सांगितलं, भाऊंना खोटं सांगितलं, पुसून टाकला. मारायचं तर मार.

शालिकनं हातातला दोर खाली ठेवला. मग म्हणाला, "मले ठाऊक आहे."

भाऊ, मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"लग्नाच्या गावी रेंज होती. सांजेले मोठ्या भाऊचा फोन आला. म्हणे, शालिक, गाडी हळू हळू घरी ने आणि उभी कर. पानावर उभी करू नको, सवारी भरू नको. मी इचारलं, रंग खराब होता का? तर म्हणे, मी नाई पाह्यला, बंडूचं तोंड पाह्यलं."

त्याच संध्याकाळी. म्हणजे टॉवेलनं हात पुसून तुम्ही बाहेर गेलात, मला वाटलं पान खायला गेलात, तेव्हा. मी आत बसून सुटलो म्हणत होतो आणि बाहेर रस्त्यावर उभे राहून तुम्ही माझं खोटं निस्तरत होता.

"मंग मी म्हटलं, मी गाडी घेऊन येतो दुकानात," शालिक सांगत होता. "तर म्हणे नको. बंडू येईल तुयाकडे. दोन-चार दिवस घेईल, पण तोच येईल, तोच सांगेल. तवरिक थांब. आणि तो आला का त्याच्यावर रागावजो नको."

तो थांबला होता. ऐन मोहाच्या दिवसांत गाडी अंगणात ठेवून त्याचं घर अडीच कोस पायी जात होतं, टोपल्या डोक्यावर घेऊन. म्हातारीचे पाय सुजलेले मला दिसत होते. तुमच्या एका शब्दावर. आणि मी तिकडे तेरवीच्या बुंदीला पाक बरोबर झाला का ते पाहत होतो.

"रागावत नाई मी," शालिक म्हणाला. त्याचा आवाज मात्र रागाचाच होता आणि तो हक्काचा होता. "पण भाऊ दोन-चार दिवस म्हणाले होते. तुमाले इतके दिवस काऊन लागले?"

"भेलो होतो," मी म्हणालो.

मी गाडीखाली शिरलो. लग्नाहून घरी येईपर्यंतच्या वाटेत निळा परत चढायला लागला होता, माझ्या बफिंगच्या चमकेवर, त्याच जागी. प्लग काढले. एक ओला, त्याच्या पांढऱ्या चिनी मातीला केसाएवढी चीर. बदलला. इंजिन सुरू केलं, ठोका सरळ झाला. दहा मिनिटं चालू ठेवून ऐकत राहिलो, कान लावून, तुम्ही लावायचात तसा. शालिकची दोन लेकरं तेवढ्यात मागच्या सीटवर चढून बसली होती. इतक्या दिवसांनी गाडी सुरू झाली म्हणून उड्या मारत होती.

म्हातारी माझ्याजवळ आली. "झाली का दुरुस्त? उद्या पाह्यटे नेऊ का लेकरायले?"

माझी मान आपोआप वळली, भाऊ. डावीकडे, जिथे तुम्ही उभे असायचात. सतरा वर्षांत हा प्रश्न कोणी मला विचारला नव्हता. विचारला तरी मी तुमच्याकडे बघायचो आणि तुम्ही उत्तर द्यायचात. डावीकडे बांबूचं कुंपण होतं. ठोका सरळ आहे, हो. पण त्या डब्यात आत काय वितळलंय, काय अडकलंय, ते उघडल्याशिवाय कोणाला कळणार? हो म्हणालो तर म्हातारीचे पाय वाचतात. हो म्हणालो तर शालिकचा राग जातो. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते आणि मी चुकलो तर आता मागून फोन करणारं कोणी नव्हतं.

"नाई," मी म्हणालो. "अजून नाई, बाई. लेकरायले उतरवा. डबा उघडून पाहाचा आहे. मी एकटाच नेतो चंद्रपूरले."

लेकरं रडत उतरली. मोटरसायकल तिथेच ठेवली. पूर्ण रस्ता मी सावकाश आलो. दर थोड्या अंतरावर मोकळी मुरमाड जागा पाहून थांबायचो, उताणा पडून खाली बघायचो, उठायचो, पुन्हा निघायचो. येणारे-जाणारे हॉर्न वाजवत होते. मला अजिबात वाटलं नाही की तुम्ही सोबत आहात. लोक असं म्हणतात, मीही म्हटलं असतं. पण गाडीत मी एकटा होतो, फार भ्यालेलो होतो, आणि तरी ती मलाच आणायची होती.